घाटातली टकटक

गाडीच्या आवाजावरून तुमच्या गावात कधी मीटिंग बसली आहे का? आमच्या गावात बसली होती. 

आमची बायकांची दूध संस्था आहे, युसूफ वडगावच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. मी दहावी झालेली, म्हणून मला सचिव केलं. दूध संस्थेत किस्से फार साठतात. सकाळ-संध्याकाळ बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या असतात आणि दुधाची फॅट मोजून होईपर्यंत दुसरं काम नसतं. एकीनं सुरू केलं की दुसरी पुढचं सांगते. दूध तेवढं केजच्या चिलिंग सेंटरला जातं, बाकी सगळं इथंच राहतं.

त्यातले हे आमच्या दुधाच्या गाडीचे, पिकअपचे किस्से. आम्ही ते हसतच सांगतो. पण सांगून झाले की कुणी लगेच किटली उचलून घरी निघत नाही.

गोष्ट भागवतची आहे. भागवत आमचा ड्रायव्हर. गाडीच्या इंजिनात टकटक वाजतं, असं तो म्हणायचा, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला ऐकू येत नव्हतं. आता यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण तो खरं बोलतो की कामाचा कंटाळा करतो, यावर त्याची नोकरी टांगली होती, आणि नोकरीपेक्षा जास्त त्याचा शब्द.

*

भागवतच्या आधी दुसरा एक ड्रायव्हर होता. त्याचं नाव नको. तो चार दिवसांआड येऊन म्हणायचा, "काकू, गाडीनं ऑइल पिलं." काकू म्हणजे मथुराकाकू, आमच्या चेअरमन. काकू ऑइलचा डबा आणून द्यायच्या. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. डॅशबोर्डवरचे दिवे आमच्याकडे येण्याआधीच गेलेले. पीत असेल, असं आम्हाला वाटायचं.

एक दिवस काकू त्याच्या शेताच्या बांधावरून चालल्या होत्या. त्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन चालू होतं आणि शेजारी आमचा डबा पडलेला. काकूंनी डबा उचलला, तसाच संस्थेत आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आपली गाडी दूध वाहती. आन् ह्याचं इंजिन आपल्या गाडीचं दूध काढतंय."

त्याला काढलं आणि त्याच दिवशी एक रीत घातली. गाडीचं बॉनेट ड्रायव्हरनं एकट्यानं उघडायचं नाही. रोज सकाळी संस्थेपुढे, गाडीला कुंकू लावून झालं की, पाळीच्या दोघी बायकांनी समोर उभं राहायचं, मग ऑइल मोजायची पट्टी ओढायची. त्या पट्टीला आम्ही कांडी म्हणतो. ती पुसायची, घालायची, परत ओढायची आणि दोघींनी बघायची. पुसायचं फडकं पुढच्या ओट्यावरच्या खिळ्याला.

भागवत कामावर आला तेव्हा त्याला ही रीत सांगितली. मला वाटलं, त्याला राग येईल. तो म्हणाला, "बरंच हाय की वहिनी. म्हंजी माझ्यावर कदी आळ येणार न्हाई."

*

भागवत रीत किती पाळायचा, त्याचा हा किस्सा.

एकदा केजच्या वाटेवर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघायला लागली. गाडीत सकाळचं सगळं दूध. भागवतनं बाजूला घेतली आणि काकूंना फोन लावला, "काकू, गाडी तापलीय. उघडू का?"

काकू म्हणाल्या, "संगं कोण हाय?"

"कोण न्हाई. म्याच हाय."

"मंग थांब."

कौसाबाई आणि मी एसटीनं गेलो. कौसाबाई माझी पाळीतली जोडीदारीण. पोचलो तर भागवत कॅनवर ओली पोती टाकून, स्वतः उन्हात, बॉनेटला हात न लावता उभा. आम्ही समोर उभ्या राहिलो तेव्हा त्यानं उघडलं. पंख्याचा पट्टा तुटला होता. तेवढा बघायला दोघी बायका एसटीचं तिकीट काढून गेल्या होत्या.

कौसाबाई म्हणाली, "आरं, वाफ निघत हुती, तुला हात लावू वाटला न्हाई?"

"लई वाटला," भागवत म्हणाला. "पण रीत हाय ना."

केजचे मेकॅनिक रशीदभाई हा किस्सा त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगायचे. म्हणायचे, "ऐसी गाडी पूरे तालुक्यात न्हाई. ह्या गाडीचं बॉनेट उघडायला दो गवाह लगते." आम्हाला ते ऐकून बरं वाटायचं.

*

मग तो दुष्काळ आला. आमच्याकडे दुष्काळ नवा नाही, पण त्या वर्षी बोअर आटले आणि टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी साठवायला पंचायतीनं मोठी काळी टाकी आणली. टाकीला सपाट जागा पाहिजे. गावात रस्त्याला लागून सपाट जागा एकच, आमच्या संस्थेपुढची, जिथे पिकअप उभी राहायची.

काकूंनी जागा दिली. पाण्याला नाही कोण म्हणणार?

पिकअप मागच्या अंगाला गेली. तिथे उतार आहे. वरच्या बाजूला संस्थेचा मागचा ओटा. गाडी उलटी लावायची, म्हणजे मागचं फळकं ओट्याला टेकायचं आणि तोंड खाली उताराकडे. आम्ही खूश झालो, कारण ओटा आणि गाडी एका पातळीत आली. पूर्वी दोघीदोघींनी कॅन उचलायला लागायचे, आता नुसता ढकलला की गाडीत. कौसाबाई म्हणायची, "दुष्काळानं एवढं एक बरं केलं, माजी कंबर वाचीवली."

फडक्यासाठी मागच्या ओट्यावर दुसरा खिळा ठोकला. रीत जशी होती तशीच चालू राहिली. कुंकू, दोघी बायका, कांडी.

आणि एक नवल झालं. चोरी थांबली तरी जुनी गाडी थोडं ऑइल प्यायचीच, ते पिणं तिनं बंद केलं. रोज बघावं तर कांडी भरलेली. खुणेच्याही वर. आठवडे गेले, डबा आणायची वेळच येईना. काकू बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "बगा बायांनो, गाडीला बी कळलं दुष्काळ हाय. तिनं बी खाणंपिणं कमी केलं." आम्ही सगळ्या हसलो. भागवत पण हसला.

*

आता चाऱ्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावात कडबा संपला होता. धारूरचा घाट उतरून खाली माजलगावच्या अंगाला गेलं की कालव्याचं पाणी, तिथे ऊस. उसाचं वाढं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, मिळायचं. दुपारी दूध पोचवून झालं की भागवत रिकामी गाडी घेऊन घाट उतरायचा आणि वाढं भरून घाट चढून यायचा. ते वाढं संस्थेच्या सगळ्या जनावरांना वाटायचं. एका खेपेत पुरायचं नाही. रोज दोन खेपा व्हाव्यात, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. गाई पान्हा चोरायला लागल्या होत्या. दावणीला बांधलेलं जनावर रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून परत आपल्याकडे बघतं, ते बघवत नाही.

आणि नेमकं तेव्हाच भागवत म्हणाला, "काकू, दुसरी खेप नगं. घाटात इंजिन वाजतंय."

"कसं वाजतंय?"

त्यानं कॅनच्या झाकणावर बोटाचं पेर वाजवून दाखवलं. टक टक टक टक. "असं. चढाला लागली की सुरू, वर धारूरला आली की बंद."

काकूंनी गाडी चालू करायला लावली. आम्ही सगळ्या भोवती उभ्या राहून ऐकलं. गाडी आपली नेहमीसारखी गुरगुरत होती.

"कुटं वाजतंय?"

"आता न्हाई वाजत, काकू. घाटात वाजतंय."

मग प्रत्येकीनं आपलं निदान केलं. कौसाबाई म्हणाली, आत उंदीर असणार. एक म्हणाली, दृष्ट लागली, लिंबू बांधा. एकीनं नवस सुचवला. तिचं ऐकून भागवतला लिंबागणेशच्या गणपतीला पाठवलं, गाडीसकट, नारळ फोडायला. तिकडून आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "वाजलं का?"

"न्हाई वाजलं," भागवतनं खरं ते सांगितलं. "रस्ता सपाट, गाडी रिकामी. कशाला वाजंल?"

कौसाबाईनं हात जोडले, "गणपती पावला."

दुसऱ्या दिवशी घाटात परत वाजलं.

*

रशीदभाईंकडे गाडी नेली. काकू, मी आणि भागवत. रशीदभाईंनी इंजिन चालू केलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावून, डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकलं. मग म्हणाले, "काय बी न्हाई. गाडी म्हणजे लेकरू असतंय, ताई. घरी फणफणतंय आणि डॉक्टरच्या दारात आलं की ताप गायब."

तरी त्यांनी टॅपेट बघितले, नट आवळले, नोझल साफ केले. ऑइलचं विचारलं. काकू ताठ होऊन म्हणाल्या, "रशीदभाई, ते आमाला इचारता? रोज दोघी बघत्यात. खुणेच्या वर हाय."

"माफ करा काकू," रशीदभाई हसत म्हणाले, "तुमच्याकडं दो गवाह असत्यात, म्या इसरलो." आणि त्यांनी कांडीला हात लावला नाही.

निघताना त्यांनी भागवतला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "वाजत असताना घेऊन ये, मियाँ. चूप असताना मी काय करू?" भागवत म्हणाला, "घाट इथं कसा आणू, भाई?"

यावर दोघं बराच वेळ हसत होते. 

*

गावात बोलणं सुरू झालं की भागवतच्या कानात दोष आहे. काकूंनी त्याला अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. बरोबर त्याची बायको, रुक्मिण. डॉक्टरनं तपासून सांगितलं, कान चांगले आहेत.

रुक्मिणनं हे येऊन रांगेत सांगितलं, तेही असं: "म्या डॉक्टरला म्हणलं, सायब, परत बगा. घरात दहा हाका मारल्या तरी ह्यास्नी ऐकू येत न्हाई, आन् इंजिनातलं बरं ऐकू येतंय."

सगळी रांग हसली. काकू मात्र म्हणाल्या, "कान चांगलं असत्याल तर मंग मनात वाजतंय."

हे भागवतनं ऐकलं. तो ओट्यावर कॅन पुसत होता. पुसायचा थांबला नाही, पण त्या दिवसापासून तो आमच्याशी कमी बोलायला लागला. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच कुणीतरी त्याला म्हणायला पाहिजे होतं की बाबा, तुला ऐकू येतं ना, मग येत असेल. एवढं म्हणायला काही लागत नव्हतं.

*

शेवटी काकूंनी ठरवलं, आपण स्वतः घाटात जाऊन ऐकायचं. तो दिवस आम्ही अजून सांगतो.

काकू पुढे बसल्या, मी आणि कौसाबाई मागे. सगळ्या नीट लुगडं नेसून, कुणी जेवणाचा डबा घेतलेला, जणू काही जत्रेला निघालो आहोत. काकूंनी ताकीद दिली होती, घाटात कुणी बोलायचं नाही. आणि खरंच, गाडी घाट उतरली तशी आम्ही गप्प झालो. खालून गाडी वळवली. चढ सुरू झाला. कौसाबाईनं तर श्वास पण रोखला होता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. माकडं कठड्यावर बसून आमच्याकडे बघत होती. गाडी चढली, धारूरचा किल्ला दिसला, आणि काही वाजलं नाही.

काकूंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या. "वाजलं?"

भागवत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. "न्हाई वाजलं. रिकामी हाय ना, काकू. वाढं भरलं, जोर लागला, की वाजतंय."

"म्हंजी काम असलं की वाजतंय, आन् काम नसलं की न्हाई," काकू म्हणाल्या. "तुज्यासारखीच हाय मंग."

मागून कौसाबाईला हसू फुटलं. मलाही आलं. खरंच विनोद होता तो, आणि काकू बोलतातच अशा. पण भागवत हसला नाही. तो म्हणाला, "काकू, एक डाव भरून बगा. तुमी माज्या संगं बसा. फकस्त एक डाव."

त्या दिवशी वाढं मिळणार नव्हतं. काकू म्हणाल्या, "बगू." ते बघणं राहूनच गेलं. रोज दूध, रोज टँकर, कुणाची गाय बसली, कुणाची विकली. काकूंची स्वतःची एक म्हैस त्याच आठवड्यात बाजारात गेली. काकू वाईट नव्हत्या. त्यांनाही रात्रंदिवस गव्हाणी दिसत होत्या.

*

मीटिंग बसली. विषय एकच: दुसरी खेप.

भागवतला मध्ये बसवलं. ज्यांची जनावरं उपाशी होती त्या बायका लई बोलल्या. एक म्हणाली, "आमच्या गाईच्या पोटात टकटक वाजतंय, ती ऐकायला ये." भागवत मान खाली घालून ऐकत होता. मग काकूंनी विचारलं, "दुसरी खेप करतूस का न्हाई, एवढं सांग."

"केली तर इंजिन जाईल, काकू. मंग एक बी खेप हुणार न्हाई. दूध बी जाणार न्हाई."

"आमी सगळ्या खोट्या, रशीदभाई खोटा, डॉक्टर खोटा. तू एकटा खरा?"

भागवत उठला. खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्याच्या किल्लीला रुक्मिणनं मण्यांची कोंबडी करून लावली होती, ती सोडवायला त्याला जरा वेळ लागला. सगळ्या त्याच्या बोटांकडे बघत होत्या. कोंबडी सुटली, ती त्यानं खिशात टाकली, आणि म्हणाला, "काकू, म्या रीत कदी मोडली न्हाई. येवढं ध्यानात ठिवा."

कुणी त्याला थांब म्हटलं नाही. पुढे तो अंबाजोगाईला एका शाळेच्या बसवर लागला. रुक्मिणनं तिची गाय शेजारणीला दिली आणि दोघं तिकडेच खोली करून राहिले.

*

नवा ड्रायव्हर आला तो काकूंचा भाचा, संतोष. मोठा उमदा माणूस. आल्या आल्या त्यानं गाडीत दोन स्पीकर बसवले. गाडी गावात शिरायच्या आधी गाणी शिरायची. रोज दोन खेपा, वाढं भरपूर, जनावरं जरा सावरली. चार-पाच दिवसांनी काकूंनी त्याला मुद्दाम रांगेपुढे विचारलं, "संतोष, घाटात काय वाजतंय का रं?"

"वाजतंय की मावशी," संतोष म्हणाला, "लई भारी वाजतंय. दोन्ही स्पीकर नवे हायेत."

त्या दिवशी सगळ्यांचं ठरलं की आवाज भागवतबरोबर गेला. कौसाबाई म्हणाली, "कुणाकुणाच्या पायगुणानं वाजतंय बग." मी घरी जाताना रुक्मिणच्या बंद दारावरून गेले. दाराला लावलेलं लिंबू तसंच होतं. गाडीला बांधायला आणलेल्यातलंच होतं ते.

*

आता शेवटचा.

उन्हाळा सरत आला तशी टाकीच्या खालचा चौथरा एका बाजूनं खचला. टाकी कलली. पंचायतीनं ती उचलून शाळेजवळ नेली आणि आमची जुनी सपाट जागा मोकळी झाली. संतोषनं गाडी तिथे आणून लावली. त्या सकाळी पाळी कौसाबाईची आणि माझी होती. कौसाबाईनं कुंकू लावलं. संतोषनं बॉनेट उघडलं. मी कांडी ओढली, पुसली, घातली, परत ओढली.

कांडी कोरडी.

कौसाबाई म्हणाली, "नीट घातली न्हाईस. आण हिकडं." तिनं घातली, ओढली. अगदी टोकाला कुंकवाच्या बोटाएवढं ओलं. बाकी कोरडी. काल सकाळी ह्याच कांडीवर आम्हा दोघींना खुणेच्या वर तेल दिसलं होतं.

मी काकूंना बोलावून आणलं. काकूंनी कांडी बघितली. मग टाकीच्या रिकाम्या चौथऱ्याकडे बघितलं. संतोषला म्हणाल्या, "गाडी मागं उतारावर लाव. पैल्यासारखी." त्यानं लावली. जरा वेळ थांबलो. काकूंनी स्वतः कांडी ओढली. भरलेली. "आता परत सपाटीला आण." आणली. थांबलो. ओढली. कोरडी.

मागच्या उतारावर गाडीचं तोंड खाली, म्हणून आत उरलेलं थोडं तेलही पुढे कांडीपाशी गोळा व्हायचं. घाट चढताना तेच तेल मागे जायचं आणि इंजिन कोरडं चालायचं. दुष्काळात गाडीनं पिणं कमी केलेलं नव्हतं. आम्ही रोज कुंकू लावून, दोघी दोघींनी, चुकीच्या जागी बघत होतो. आणि भागवतला दुसऱ्या कुठल्या जागी बॉनेट उघडायची मुभाच नव्हती.

काकूंनी कांडी पुसली, जागेवर घातली, आणि संतोषला म्हणाल्या, "ती गाणी बंद कर. गाडी चालू कर."

गाणी बंद झाली. टक टक टक टक. सपाटीवर, रिकामी गाडी, जागच्या जागी. रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू गेलं.

रशीदभाई दुपारी स्वतः आले. ऑइल भरलं. आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि लगेच काढला. "पहले हे इंजिनाच्या वरच्या अंगाला बोलत असंल, काकू. तेव्हा ऑइल घातलं असतं तर चूप बसलं असतं. आता खालून, बेअरिंगमधून बोलतंय. आत झिजलं." मग हात पुसत म्हणाले, "मी कांडी उपसायला पाहिजे होती. तुमची रीत म्हणून उपसली न्हाई."

काकू मला म्हणाल्या, "भागवतला फोन लाव."

मी लावला. काकूंनी फोन हातात घेतला. तिकडून भागवतचा आवाज आला, "बोला काकू."   काकूंनी संतोषला खूण केली. त्यानं गाडी चालू केली. काकूंनी फोन उघड्या बॉनेटपाशी धरला. हात लांब करून, जसं झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरतात तसा, किती तरी वेळ धरला.

मग फोन कानाला लावून म्हणाल्या, "ऐकलंस?"

 मग भागवत म्हणाला, "हां. हेच."

"आमाला बी ऐकू येतंय रं, भागवता."

"काकू," तो म्हणाला, "आदी गाडी बंद करा."

काकूंनी गाडी बंद करायला लावली. फोन तोवर कट झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत पहिल्या एसटीनं आला, काकूंना आणि मला समोर उभं करून सपाटीवरच्या गाडीची कांडी बघितली, मागच्या ओट्यावरचं फडकं आणून पुढच्या जुन्या खिळ्याला अडकवलं, आणि वळून आलेल्या त्याच एसटीनं परत अंबाजोगाईला गेला.